चालतंय ना, मग हात कशाला लावता?

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातल्या युसूफ वडगावच्या शेतकऱ्याला कोबोल किंवा फॉक्सप्रो ही नावं माहीत असण्याचं काही कारण नाही. तरी त्याचं वर्ष अशाच कुठल्या ना कुठल्या संगणकीय भाषेच्या हातून जातं. सोसायटीचं पीक कर्ज, स्टेट बँकेतलं खातं, तलाठ्याकडचा सातबारा, कारखान्याच्या काट्यावरचं उसाचं वजन, जिनिंगमधली कापसाची पट्टी, आणि भांडण झालंच तर गावातल्याच पोलीस ठाण्यात नोंदलेली तक्रार. प्रत्येक खिडकीपलीकडे वेगळा पडदा आणि त्यामागे वेगळा प्रोग्राम. यातले काही गेल्या दोन-चार वर्षांतले आहेत. काही इतके जुने की लिहिणारा निवृत्त झाला, ज्या कंपनीची भाषा तिनेही हात वर केले, पण प्रोग्राम रोज सकाळी कामावर हजर.

पुण्याच्या हिंजवडीत बसून पाहिलं की याला मागासलेपण म्हणायचा मोह होतो. केजमध्ये उभं राहिलं की तसं म्हणवत नाही.

केज-धारूर पट्ट्यातल्या एका जिनिंगचं ऑफिस. मुनीमजी साठीच्या घरातले. समोर निळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, माऊस किबोर्डच्या मागे धूळ खात पडलेला. काट्यावरून चिठ्ठी आली की मुनीमजी पडद्याकडे न बघताच बोटं चालवतात. शेतकऱ्याचा कोड, एंटर. गाडी नंबर, एंटर. भरलेलं वजन, रिकामं वजन, ओलावा, भाव, एंटर. निव्वळ वजन आणि ओलाव्याची तूट प्रोग्रामच काढतो, हमाली-तोलाईचा हिशेब लावतो, आणि शेजारचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कर्रकर्र करत तीन प्रतींची पट्टी बाहेर सोडतो. वरची प्रत फाडून शेतकऱ्याच्या हातात, की पुढची चिठ्ठी. एका पट्टीला अर्धा मिनिटही लागत नाही.

मालकांचा मुलगा पुण्याहून इंजिनिअर होऊन आलेला. त्याने मध्यंतरी हे बदलायचा घाट घातला होता. ब्राउझरमध्ये चालणारं, मोबाईलवर अहवाल दाखवणारं नवं सॉफ्टवेअर आणलं. दिसायला देखणं. पण एका चौकटीतून दुसरीत जायला माऊस लागायचा, नेट गेलं की गोल चक्र फिरत राहायचं, आणि हंगाम ऐन भरात. टेम्पो-ट्रॅक्टरची रांग गेटबाहेर रस्त्यावर गेली. दिवेलागणीपर्यंत मुनीमजींनी जुना संगणक परत टेबलावर मांडला होता.

"दादा, चालतंय ना, मग हात कशाला लावता?" ते मालकांच्या मुलाला म्हणाले. "गाडी दोन तास थांबली की शेतकरी शेजारच्या जिनिंगला वळतो. उद्या त्याला परत आणायला तुमचं सॉफ्टवेअर जाणार हाय का?"

मुलाला ते पटलं, पण अर्धंच. उरलेल्या अर्ध्याकडे नंतर येतो.

तो निळा पडदा फॉक्सप्रोचा. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या आडत दुकानांचे, पतसंस्थांचे, कारखान्यांच्या पगारपत्रकांचे हिशेब वहीतून संगणकात गेले, त्यात या भाषेचा वाटा मोठा. तिचं मूळ अमेरिकेतलं. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या वेन रॅटलिफ यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस व्हल्कन नावाचा प्रोग्राम लिहिला, त्याचा पुढे डीबेस झाला. डीबेसशी मिळताजुळता पण अधिक वेगवान म्हणून ओहायोतल्या फॉक्स सॉफ्टवेअरने फॉक्सबेस आणि १९८९ मध्ये फॉक्सप्रो काढलं. १९९२ मध्ये ती कंपनी मायक्रोसॉफ्टकडे गेली. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ ही शेवटची आवृत्ती २००४ ची. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुढची येणार नाही म्हणून सांगितलं आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला आधारही काढून घेतला. म्हणजे मुनीमजींची भाषा कागदोपत्री संपून दहाहून अधिक वर्षं झाली.

आपल्याकडे ती रुजली त्याची कारणं साधी होती. दोन-तीन महिन्यांचा क्लास केलेला बी.कॉम.चा पोरगा तीत हिशेबाचा प्रोग्राम उभा करू शके. साध्या संगणकावर ती पळे, सर्व्हर लागत नसे. वीज गेली आणि इंडेक्स बिघडला तर रीइंडेक्स करून पुन्हा कामाला लागायचं, हे मुनीमसुद्धा शिकले होते. आणि मराठी? तिची सोय पुण्याच्या सी-डॅकने केली होती. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचं जिस्ट कार्ड संगणकात बसवलं की डॉसच्या अक्षरी पडद्यावर देवनागरी उमटे. फॉक्सप्रोला आपण मराठी दाखवतोय याची खबरही नसे. विंडोज आलं, युनिकोड आलं, आणि ही सोय मागे पडली. त्या काळच्या फायलींतली नावं आज तशीच उघडली तर वाचताच येत नाहीत, आधी रूपांतर करावं लागतं. ज्यांनी जुन्या दिवाळी अंकांच्या पेजमेकर फायली उघडून पाहिल्या असतील, त्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको.

बाहेरच्याला वाटतं, हे लोक भाषेला चिकटून आहेत. मालकाला भाषेचं नावही नीट सांगता येत नाही. त्याने जपलेत ते नियम. त्या जिनिंगच्या प्रोग्राममध्ये कोणत्या ओलाव्याला किती तूट, कोणत्या गावच्या गाडीला भाडं आपल्याकडून, पैशांची तोडमोड कुठे करायची, असं वीस-पंचवीस वर्षांचं शहाणपण ओळीओळीने साठलंय. ते कागदावर कुठेच नाही. नव्या सॉफ्टवेअरवाल्याने "तुमचे नियम लिहून द्या" म्हटलं तेव्हा पानभर यादी निघाली. प्रोग्राम उघडून वाचला तर नियम कितीतरी जास्त. त्यात एक ओळ अशी, की अमुक कोडच्या खात्याला हमाली लावू नये. का, ते मुलाला माहीत नाही, त्याच्या वडिलांनाही आठवेना. मुनीमजींनी मान वर न करता सांगितलं. जिनिंगला रस्ता द्यायला शेजारच्या शेतकऱ्याने बांध सोडला होता, तेव्हा मोठ्या मालकांनी त्याला शब्द दिला होता.

जुनं पाडून नवं लिहायला निघालेल्यांच्या हातून सुटतं ते हेच. कोडमध्ये काय करायचं ते असतं, का करायचं ते नसतं. आज जुनी फॉक्सप्रोची फाईल एखाद्या एआयला दिली तर तो ती ओळ न् ओळ मराठीत समजावून सांगतो, पायथनमध्ये उतरवूनही देतो. मोठीच सोय झाली आहे. पण बांधाची गोष्ट त्याला कोण सांगणार?

मग धंदे भाषा बदलतात कधी? माझ्या पाहण्यात तीन धक्क्यांनी. कायदा बदलला, यंत्र बदललं, नाहीतर माणूस गेला. "नवी भाषा चांगली आहे" एवढ्यासाठी कुणी बदलल्याचं मी पाहिलेलं नाही. सॉफ्टवेअर विकणारे तसं सांगतात, ही गोष्ट वेगळी.

कायद्याचा मोठा धक्का १ जुलै २०१७ चा. जीएसटी आला आणि व्हॅटसाठी लिहिलेली असंख्य लहान सॉफ्टवेअरं एका रात्रीत निकामी झाली. कित्येक दुकानदार त्या वर्षी टॅलीकडे गेले ते कायमचे. जिनिंगला त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून आणखी एक गाठ बसली. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावर ५ टक्के कर शेतकऱ्याऐवजी जिनिंगवाल्याने रिव्हर्स चार्जने स्वतः भरायचा. हा बदल फॉक्सप्रोत चार ओळींचा होता. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल ५ कोटींवर असलेल्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं, ते मात्र चार ओळींत बसेना. बिल सरकारी पोर्टलवर चढवायचं, तिथून क्रमांक आणि क्यूआर कोड घ्यायचा, तो छापायचा. डॉसच्या काळात इथे इंटरनेट पोचलेलंच नव्हतं, तर त्या काळचा प्रोग्राम पोर्टलशी बोलणार कसा? मग फॉक्सप्रोने एक साधी मजकूर फाईल काढायची आणि दुसऱ्या संगणकावरच्या छोट्या प्रोग्रामने ती वर चढवायची, असा मार्ग निघाला. धंद्याने भाषा बदलली नाही, शेजारी दुसरी आणून बसवली. २२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक वस्तूंसाठी जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, तेव्हा पुन्हा परीक्षा झाली. ज्याने कराचा दर वेगळ्या तक्त्यात ठेवला होता त्याचं काम चहा संपेपर्यंत झालं. ज्याने तीस ठिकाणी बारा हा आकडा लिहून ठेवला होता तो अजून शोधतोय. यात भाषेचा दोष नाही, लिहिणाऱ्याच्या सवयीचा आहे.

यंत्राचा धक्का आत्ता बसतो आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ फक्त ६४ बिटांत येतं आणि ६४ बिटांच्या विंडोजवर डॉसचे प्रोग्राम थेट चालत नाहीत. व्हिज्युअल फॉक्सप्रोत लिहिलेले अजून चालतात, पण मुनीमजींसारख्यांचे डॉसमधले प्रोग्राम नव्या संगणकावर डॉसबॉक्ससारख्या सोंगाड्याच्या आत चालवावे लागतात, आणि मग प्रिंटर रुसतो. असा प्रसंग पहिला नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी प्रोसेसर इतके वेगवान झाले की फॉक्सप्रो २.६ सुरूच होईना. सुरुवातीला तो यंत्राचा वेग मोजायला एक फेरी मारायचा, ती इतक्या लवकर संपू लागली की वेळ शून्य भरायचा आणि शून्याने भागाकार होऊन प्रोग्राम कोसळायचा. दुरुस्तीचा तुकडा निघाला, लोकांनी तो चढवला आणि पुढची पंचवीस वर्षं काढली.

तिसरा धक्का सर्वांत वाईट, कारण त्याची तारीख आधी जाहीर होत नाही. लातूरच्या, अंबाजोगाईच्या, सोलापूरच्या कुणा एका पोराने कधीकाळी प्रोग्राम लिहिलेला असतो. त्याने चालणारी फाईल दिली, मूळ कोड स्वतःकडे ठेवला, दरवर्षी देखभालीचे पैसे घेतले. एक दिवस तो फोन उचलत नाही. पुण्याला नोकरी लागलेली असते, किंवा माणूसच गेलेला असतो. ही केवळ आपल्याकडची रड नाही. एप्रिल २०२० मध्ये कोविडने बेरोजगार झालेल्यांचे अर्ज तुंबले तेव्हा अमेरिकेतल्या न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांना, राज्याची जुनी प्रणाली कोबोलमध्ये असल्याने, जाहीरपणे कोबोल जाणणारे स्वयंसेवक मागावे लागले होते.

उसाचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं, आणि बीडचं म्हणून आणखी जिव्हाळ्याचं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कारखान्याचा करार मुकादमाशी किंवा वाहतूक ठेकेदाराशी, उचल त्याच्या नावावर, बिल त्याच्या खात्यावर. कारखान्यांचे तोडणी-वाहतुकीचे प्रोग्राम याच व्यवस्थेवर बेतलेले असतात. त्यांत खातं ठेकेदाराचं, टोळीचं, फार तर गाडीचं. कोयत्यातल्या बाईच्या नावाला रकानाच नसतो, कारण व्यवहारातच तिचं नाव नव्हतं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती अशा प्रोग्राममध्ये एका आकड्याने बसते. ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे घ्यायचे १० रुपयेही बसतात. पण राज्याने ग्रामसेवकांकडून कामगारांना ओळखपत्रं द्यायचं ठरवलं, आणि उद्या या कामगाराने किती टन तोडला हे कुणी विचारलं, तर जुन्या प्रोग्रामकडे उत्तर नाही. इथे "चालतंय ना" म्हणणाऱ्याला विचारावं लागतं, कुणाचं चालतंय? जुनं टिकवण्याच्या बाजूने मी बराच आहे, पण अन्याय रकान्यात बसवून ठेवलेला प्रोग्राम नुसता स्वस्त पडतो म्हणून ठेवायचा, हे मला मान्य नाही.

उसातलाच उलटा दाखला कोल्हापूरकडच्या वारणेचा. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातल्या सुमारे ७० गावांत संगणक केंद्रं बसली. शेतकऱ्याला इंटरनेटवरून जगाची माहिती मिळेल, असं तेव्हाचं स्वप्न. प्रत्यक्षात टिकलं ते ऊस नोंद, तोडणीची परवानगी, वजन, बिल आणि खताची विक्री एवढंच. काही वर्षांत संगणक जुने झाले, दुरुस्ती परवडेना. मग मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरूच्या मंडळींनी सात गावांत तेच काम साध्या मोबाईलवर एसएमएसने करून दाखवलं. शेतकऱ्याला उसाचं वजन कळण्याशी मतलब, ते कळत राहिलं.

बँकांचं गणित वेगळं, कारण तिथे चूक झाली तर ती लाखो पासबुकांवर उमटते. मराठवाड्यात घराघरात स्टेट बँक ऑफ हैदराबादचं पासबुक असे. १ एप्रिल २०१७ रोजी ती स्टेट बँकेत विलीन झाली. दोन्हींकडे टीसीएसची बँक्स हीच मुख्य प्रणाली असल्याने खाती हलवणं तुलनेने सोपं गेलं. या बँक्सच्या गाभ्यात कोबोल आहे, १९५९-६० सालची भाषा. युसूफ वडगावच्या कुणी फोनवरून पैसे पाठवले तर वरचा पडदा नव्या भाषेतला, पण खात्यातून रक्कम वजा करणारा हात जुन्याचाच. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सगळी खाती एका दमात नव्या प्रणालीवर नेली, तेव्हा १९ लाखांपर्यंत ग्राहकांना स्वतःचंच खातं उघडता येईना, आणि २०२२ मध्ये बँकेला सुमारे ४ कोटी ८६ लाख पौंड दंड बसला. ऑस्ट्रेलियाच्या कॉमनवेल्थ बँकेने २००८ पासून हेच काम टप्प्याटप्प्याने केलं. ते जमलं, पण जवळजवळ पाच वर्षं आणि १ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक पैसे लागले.

मुंबईच्या सॉफ्टवेअर निर्यातीचा पायाही अशाच एका कामाने घातला गेला. टीसीएसचं सत्तरच्या दशकातलं सुरुवातीचं परदेशी काम होतं बरोज कंपनीचं. रुग्णालयांच्या हिशेबाचा प्रोग्राम एका कोबोलमधून दुसऱ्या कोबोलमध्ये न्यायचा. भाषा एकच, यंत्रागणिक बोली वेगळी. पुढे १९८१ मध्ये फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने पुण्यात संशोधन केंद्र, टीआरडीडीसी, उभं राहिलं आणि एका भाषेतला कोड दुसरीत नेणाऱ्या साधनांवर तिथे वर्षानुवर्षं काम झालं. २००० सालच्या तारखेच्या गोंधळाने तर मुंबई-पुण्याच्या कित्येक मध्यमवर्गीय घरांचे हप्ते फेडले. आजही मराठवाड्यातून बीसीए, बीसीएस करून गेलेल्या पोरांपैकी कुणाला ट्रेनिंगनंतर मेनफ्रेम आणि कोबोल वाट्याला येतं. जावा मिळालं नाही म्हणून पहिले दोन महिने तोंड पाडून बसतात. नंतर कळतं की या कामात गर्दी कमी आहे.

सोसायटीत मात्र बदल वरून आला. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्था एकाच समान सॉफ्टवेअरवर नेण्याची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, काम नाबार्डकडे दिलं. आपल्याकडच्या विविध कार्यकारी सोसायट्या तीत आल्या. गटसचिवाला इथे कुणी विचारलं नाही की तुमची कर्ज खतावणी कशी आहे. ती जशी असेल तशी ताळ्याला आणून आत भरायची. मला ही योजना बरोबर वाटते. सोसायटी सोसायटीला वेगळा प्रोग्राम असता तर आणखी वीस वर्षांनी प्रत्येकीला वेगळा दुरुस्तीवाला शोधावा लागला असता. फक्त गावागावच्या रिवाजाला त्यात जागा किती, हे गटसचिवाच्या टेबलावरच कळेल.

जुन्या लिपीतली नोंद वाचणारा उरला नाही की काय होतं, हे बीडला सॉफ्टवेअरवाल्यांनी सांगायची गरज नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्या काळच्या नोंदी उर्दूत, मोडीत. राज्य बदललं, कारभार मराठीत आला, जुनी दप्तरं अभिलेख कक्षात गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि तहसील तहसीलला मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. पंचाहत्तर वर्षांत कुणाला लागल्या नाहीत त्या कागदांवर अचानक पोराबाळांचे दाखले अडले. कागद होते. वाचणारे बोटांवर मोजण्याइतके.

आता जिनिंगच्या मुलाचं उरलेलं अर्धं म्हणणं. "मुनीमजी आहेत तोवर चालतंय," तो म्हणतो. "मी त्यांना धरूनच बसलोय." त्याने शेवटी मधली वाट काढली. निळा पडदा तसाच ठेवला. रोज रात्री पायथनचा एक छोटा प्रोग्राम फॉक्सप्रोच्या डीबीएफ फायली वाचतो आणि दिवसभराची खरेदी वडिलांच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो. आणि हंगाम नसताना तो मुनीमजींसमोर वही घेऊन बसतो, एकेक नियम आणि त्याचं कारण मराठीत लिहून घेतो. हमालीची ओळ त्यात आली आहे.

माझ्या मते शहाणपण याच वाटेत आहे. चालतं ते मोडू नका, पण ते एका माणसाच्या डोक्यावर आणि एका संगणकाच्या जिवावर सोडूही नका. पाडव्याला नव्या वहीची पूजा करणाऱ्या प्रत्येक आडत्याला, जिनिंगवाल्याला, पतसंस्थेच्या चेअरमनला एवढीच विनंती: सॉफ्टवेअरवाल्याकडून मूळ कोड लेखी करारात मागून घ्या, आणि तुमच्या फायलींची एक प्रत आजच दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. डीबीएफ फाईल लिब्रे ऑफिसमध्ये उघडते, आणि लिब्रे ऑफिस फुकट मिळतं.